दापोलीचे सव्वीस प्रश्न आणि आपले फॉरवर्ड

१८८८ साली दापोलीतल्या एका पेन्शनर सैनिकाने सव्वीस प्रश्न लिहून काढले. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांचे नाव आणि ‘विटाळ विध्वंसन’ हे त्या लिखाणाचे. प्रश्न गावच्या खोताला नव्हते की तलाठ्याला नव्हते. धर्माची मालकी सांगणारे शंकराचार्य, संस्थानिक आणि बडे लोक यांना ते उद्देशून होते. विषय एकच. ही अस्पृश्यता कशाच्या जोरावर उभी आहे? आधार असेल तर दाखवा.

हे दापोलीत का घडले, पुण्या-मुंबईत का नाही? दापोली तेव्हा ‘कॅम्प’ होती. पलटणीतून निवृत्त झालेले महार शिपाई, हवालदार, सुभेदार पेन्शनीवर तिथे राहत. गावगाड्यातल्या महाराला अक्षर बंद होते, पण पलटणीत शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. वाचता येऊ लागलेला माणूस पहिली गोष्ट काय करतो? ‘असे लिहिले आहे’ म्हणून ज्याच्या डोक्यावर जू ठेवले गेले, तो ते लिहिलेले स्वतः बघायला मागतो. वलंगकरांवर जोतीराव फुल्यांचा प्रभाव होता आणि फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्येच लिहिली होती. ग्रंथ कोणी लिहिला, केव्हा लिहिला, त्यातून कोणाचा फायदा झाला, हे विचारण्याची रीत आपल्या चळवळीत तिथून आली.

हे आज उगाळण्याचे कारण म्हणजे हल्ली शाळा-कॉलेजांत ‘फेक न्यूज ओळखा’ अशी व्याख्याने होऊ लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या सरकारी शाळांनी २०१८ च्या सुमारास हा विषय वर्गात घेतला, तेव्हा देशभर कौतुक झाले. पण आपल्याकडे तो कॉम्प्युटरच्या तासाला ढकलला जातो. फोटो उलटा शोधायचा कसा, लिंक तपासायची कशी, एवढे शिकवून तास संपतो. मला वाटते, आंबेडकरी मुलांना हा विषय तांत्रिक म्हणून शिकवणे हीच चूक आहे. कारण आपल्या समाजावर हजारो वर्षे जे लादले गेले ते एका अर्थी फॉरवर्डच होते. मूळ पाठवणारा कोण ते माहीत नाही, तारीख नाही, ‘पूर्वापार सांगत आले आहेत’ एवढेच प्रमाणपत्र. आज व्हॉट्सअॅप निदान ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण तरी करते. मनुस्मृतीवर तीही नव्हती.

गेली काही वर्षे वर्षावासाच्या काळात रत्नागिरी तालुक्यातल्या एका विहारात आम्ही रविवारी अकरावी-बारावीच्या मुलामुलींना घेऊन बसतो. ग्रंथवाचन झाले की मोबाईल बाहेर काढायचे. इथे ते बंद करायला सांगत नाहीत. अट एकच, की तपासायला आणायचा मेसेज ‘आपल्या’ ग्रुपवरचा हवा. विरोधकांचा खोटेपणा पकडायला कोणालाही आवडते, त्यात शिकण्यासारखे थोडे असते. आपल्या कौतुकाचा मेसेज तपासताना मात्र हात जड होतो, आणि नेमका तिथेच अभ्यास सुरू होतो.

सर्वांत जास्त वेळा येतो तो रिझर्व्ह बँकेचा. ‘रिझर्व्ह बँकेची स्थापना बाबासाहेबांनी केली, पण मनुवाद्यांनी हे लपवले.’ फळ्यावर तारखा लिहायला लावल्या. बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ चा. भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, त्यांची साक्ष १९२५ ची. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली १९२६ मध्ये. मध्ये एक विधेयक बारगळले. कायदा झाला १९३४ मध्ये आणि बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. या तारखा एकाखाली एक आल्यावर ‘स्थापना केली’ हे क्रियापद आपोआप गळून पडले. मुले जरा हिरमुसली. मग आम्ही सहावा खंड काढला. त्यात ती साक्ष प्रश्नोत्तरांसकट छापलेली आहे. सुवर्ण विनिमय पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यांत जॉन मेनार्ड केन्ससारखा अर्थशास्त्रज्ञ होता. त्या पद्धतीविरुद्ध हा चौतिशीतला माणूस आयोगासमोर बसून युक्तिवाद करतो आहे. सरकारच्या हाती नोटा छापण्याची मोकळीक राहिली तर रुपयाची किंमत घसरेल आणि त्याची झळ गरिबाला बसेल, ही त्याची काळजी आहे. एक मुलगी म्हणाली, “ताई, हे तर त्या मेसेजपेक्षा भारी आहे.” भारी आहेच. पण मेसेज पाठवणाऱ्याने ते वाचले नव्हते. ‘स्थापना केली’ म्हटले की वाचण्याची गरजच उरत नाही, आणि फुगवलेल्या स्तुतीचा हा सर्वांत मोठा तोटा आहे. ती बाबासाहेबांना मोठे करत नाही, त्यांचे काम झाकते.

बत्तीस पदव्यांचेही तेच. मोजून बघा. मुंबई विद्यापीठाची बी.ए. कोलंबियाच्या एम.ए. आणि पीएच.डी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. आणि डी.एस्सी. ग्रेज इनची बॅरिस्टरी. मग सन्मान म्हणून कोलंबियाची एलएल.डी. १९५२ मध्ये आणि उस्मानिया विद्यापीठाची डी.लिट. १९५३ मध्ये. झाल्या आठ. बत्तीस हा आकडा बत्तीसलक्षणी पुरुषाच्या कल्पनेतून आला की काय, अशी मला दाट शंका आहे. आपण देव नाकारले, पण देवाचे माप हातातून सुटलेले नाही. सातारच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसणारा मुलगा या आठांपर्यंत कसा पोचला, हे समजून घ्यायला एक जन्म पुरत नाही. त्याला आणखी चोवीस कशाला जोडायच्या?

साताऱ्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या जिल्ह्यातल्या वादाबद्दल सविस्तर लिहिते. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. दरवर्षी एप्रिल जवळ आला की दोन मेसेज फिरतात. पहिला म्हणतो, आडनाव एका ब्राह्मण शिक्षकाने दिले, तेव्हा उपकार विसरू नका. दुसरा म्हणतो, असा शिक्षकच नव्हता, सगळे थोतांड. मुलांनी दोन्ही आणले. आता आधार काय आहेत? धनंजय कीरांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचे. कीर स्वतः रत्नागिरीचे. त्यात हकीकत अशी, की जीव लावणाऱ्या आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी मुलाचे गावावरून पडलेले आडनाव शाळेच्या दप्तरात बदलून आपले लावले. बाबासाहेबांनी या शिक्षकांची आठवण आपुलकीने ठेवली, हेही तिथे आहे. दुसरा आधार म्हणजे साताऱ्याच्या सरकारी शाळेची, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलची प्रवेशनोंद. दिनांक ७ नोव्हेंबर १९००, नाव भिवा रामजी आंबेडकर. याच तारखेला २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस पाळला जातो.

आता गाठ बसली. प्रवेशाच्या नोंदीतच ‘आंबेडकर’ असेल, तर शिक्षकांनी बदलले केव्हा? एक मुलगा म्हणाला, नोंद मागाहून दुरुस्त केली असेल. दुसरा म्हणाला, कोकणात गावावरून आडनाव पडतेच, आंबडवेवरून घासून ‘आंबेडकर’ व्हायला शिक्षक कशाला हवा? तिसरीने विचारले, की चरित्रकाराने ऐकलेली गोष्ट आणि त्या दिवशी शाईने लिहिलेली ओळ यांत वजन कशाला जास्त? हा प्रश्न ऐकून मला त्या दिवशीचे सगळे श्रम वसूल झाल्यासारखे वाटले. माझे मत विचाराल, तर तारखेबाबत मी नोंदवहीला मान देईन आणि शिक्षकांच्या मायेबाबत चरित्राला. पण ‘उपकार विसरू नका’ हा निष्कर्ष दोन्हींतून निघत नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे, की शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. एका शिक्षकाची माया खरी असू शकते आणि तो कोरडा घसाही खरा असतो. मेसेज पाठवणाऱ्याला पहिली गोष्ट दुसरीवर पांघरायची असते. ‘शिक्षकच नव्हता’ म्हणणाऱ्या आपल्या मित्रांकडे तर रागाशिवाय काहीच नाही.

याच मोजमापाने समोरच्याचा खोटेपणाही उघडा पडतो. काश्मीर आणि कलम ३७० बद्दल बाबासाहेबांनी शेख अब्दुल्लांना सुनावले, असे एक लांबलचक वाक्य मोठमोठ्या नेत्यांनी लेखांतून आणि भाषणांतून वापरले. ते बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांत कुठेही नाही. माग काढत गेले की तो बलराज मधोक यांच्यापाशी जाऊन थांबतो. बाबासाहेबांचे काश्मीरवरचे स्वतःचे मत १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात छापलेले आहे. हिंदू आणि बौद्ध वस्तीचा भाग भारताकडे घ्यावा, मुस्लिम भागाचा निर्णय तिथल्या लोकांवर सोडावा, अशा दिशेने ते बोलतात. ते मत आपल्याला पटो न पटो, त्यांचे आहे. पण समोरच्याला ‘पुरावा दाखवा’ म्हणताना आपल्या खिशातून बत्तीस पदव्या डोकावत असतील, तर तो हसणार नाही का?

इथे कार्यकर्ते चिडतात. ‘ते एवढे खोटे पसरवतात, तुम्ही मात्र आपल्याच पोरांना आपल्याच माणसांची चिकित्सा शिकवता.’ हा राग मी समजू शकते. भीमा कोरेगावबद्दल बोलताना तो सर्वांत जास्त उफाळतो. १ जानेवारी १८१८ ची लढाई, ‘५०० महारांनी २८ हजार पेशव्यांना कापले’ असे बॅनरवर असते. स्तंभावर पडलेल्यांची ४९ नावे कोरलेली आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. कोकणातल्या आपल्या खापरपणजोबांच्या नावांत असायचा तोच ‘नाक’. कंपनीच्या बाजूने जवळपास ८०० माणसे होती, त्यांत पायदळाचे सुमारे ५००, आणि ते सगळे महार नव्हते. २८ हजार हा पेशव्यांच्या एकूण सैन्याचा आकडा, गावावर चालून गेलेल्या तुकड्या त्याचा लहान भाग होत्या. हे सांगितल्याने स्तंभ एक इंचही बुटका होत नाही. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले, ते दगडावर कोरलेल्या त्या बावीस नावांसाठी. ती नावे कोणी खोडू शकत नाही. बॅनरवरचा आकडा मात्र कोणीही खोडतो आणि त्याबरोबर नावांवरही शंका घेतो.

आणि आपल्याच माणसांची चिकित्सा म्हणाल, तर सुरुवात पुन्हा वलंगकरांपासूनच करू. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ची कल्पना काढून महारांची लष्करभरती बंद केली. वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. त्यात त्यांनी दुर्गादेवीच्या दुष्काळाची कथा आणली. आम्ही मूळचे क्षत्रिय, त्या दुष्काळात मिळेल ते खाल्ले म्हणून खाली ढकलले गेलो. हेच वलंगकर एरवी आपल्याला अनार्य, इथले मूळनिवासी म्हणत होते, त्यांच्या मंडळाचे नावच अनार्य दोष परिहारक मंडळी. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असणार? अर्ज लष्कराला पटवायचा होता, तेव्हा लष्कराला कळणारी भाषा वापरली. मला त्यात वलंगकरांचा कमीपणा दिसत नाही. दारे बंद होत असताना माणूस हाताला लागेल ती किल्ली लावून बघतो. पण १८९४ ची ती गरज होती म्हणून २०२० च्या दशकात आपण ‘आम्ही मूळचे क्षत्रिय’ असे मेसेज फिरवायचे? ज्या उतरंडीने चिरडले तिच्यात वरची पायरी मागायची?

बाबासाहेबांनी हा मोह टाळला. ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा १९४६ चा ग्रंथ घ्या. त्याच्या प्रस्तावनेत ते आपली पद्धत सांगतात: पवित्र आणि अपवित्र असा भेद न करता सगळे वाङ्मय पुराव्याच्या त्याच नियमांनी तपासायचे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये दुष्काळाची दंतकथा नाही की क्षत्रियत्वाचा दावा नाही. गावाच्या वेशीबाहेर राहणारी पराभूत टोळ्यांची माणसे, त्यांचा बौद्ध धम्म, गोमांसाचा प्रश्न अशी मांडणी आहे. आणि प्रस्तावनेत गटेचा हवाला देऊन ते संशोधकाला ज्युरीतल्या माणसाच्या जागी बसवतात. दुवे जिथे तुटलेले आहेत तिथे आपण अनुमानाने जोडले, हेही ते लपवत नाहीत. स्वतःच्या सिद्धांताला ‘तपासून बघा’ म्हणणारा नेता आपल्याला लाभला. त्याचे फोटो टाकून आपण न तपासलेले काय काय पाठवतो, ते रोज सकाळी ‘जय भीम सुप्रभात’च्या खाली दिसतेच.

‘चांगलाच मेसेज आहे ना, खोटा असला तर काय बिघडले?’ याचे उत्तर धुळे जिल्ह्यात आहे. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आठवडाभर फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. मेसेज साधनापुरता होता. मारणाऱ्यांच्या डोक्यात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून भटक्या माणसावर ठोकलेला शिक्का आधीच होता, मेसेजने फक्त त्याला तारीख दिली. अफवा कोणाच्या अंगावर जाते? जो भटका आहे, दुबळा आहे, ज्याची ओळख कोणी विचारत नाही, त्याच्या. म्हणजे आपल्याच माणसांच्या. न वाचता पुढे ढकलणारा अंगठा स्तुतीला वेगळा आणि अफवेला वेगळा नसतो.

विहारात मुले तथागतांच्या कालाम सुत्ताचा फोटोही आणतात: ‘माझ्या सांगण्यावरही विश्वास ठेवू नका, तुमच्या बुद्धीला पटेल तेच माना.’ मुळात काय आहे ते पाहिले, तर केसपुत्तच्या कालामांना दिलेल्या त्या उपदेशात ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथप्रामाण्य, गुरूचा मोठेपणा यांच्याबरोबर निव्वळ तर्क आणि अनुमान यांवरही विसंबू नका, असे आहे. ‘मला पटते’ हाही पुरावा नाही! लोभ, द्वेष आणि मोह वाढवणारे, जाणत्यांनी निंदलेले, आचरले तर अहित करणारे सोडा, हा त्याचा रोख. फोटोवाल्यांनी नेमका स्वतःला अडचणीचा भाग कापला आहे.

१९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे खंड काढायला सुरुवात केली. चौथ्या खंडातल्या ‘रिडल्स’वरून १९८७-८८ मध्ये रान पेटले, खंडाच्या प्रती जाळल्या गेल्या, आणि ते पुस्तक वाचवण्यासाठी आपली माणसे लाखांनी मुंबईच्या रस्त्यावर उतरली. त्यांतल्या कितीतरी आयाबायांना अक्षर येत नव्हते. आज तेच खंड मोबाईलवर फुकट मिळतात, त्यांची पीडीएफ एका फोटोच्या अल्बमएवढी जागा घेते, आणि आपण उघडतो काय?

जाता जाता एक काम. ‘विटाळ विध्वंसन’ला महाजालावर कुठे पुस्तिका म्हटले आहे, कुठे मासिक. दोन्ही लिहिणारे एकमेकांचे बघून लिहितात. आमच्या मुलांनी आता याचा माग काढायचे ठरवले आहे. दापोली, खेड, मंडणगडकडच्या ज्या घरांत पेन्शनर पणजोबांच्या लोखंडी ट्रंका असतील, त्यांनी त्या एकदा खाली उतरवाव्यात. पलटणीचे डिस्चार्ज, जुने अर्ज, फाटक्या पुस्तिका, काहीही असेल ते टाकू नका. फोटो काढून पाठवणार असाल, तर पहिल्या पानाचा, छापखान्याच्या नावाचा आणि सालाचा फोटो आधी काढा.

जय भीम!